देवगडातून क्लाउड गेमिंग : दिवसा पिंग ३८, रात्री १२०, आणि एज सर्व्हरने नक्की काय सुटतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळच्या वाडीत घर, १०० एमबीपीएसचं फायबर, स्पीडटेस्ट लावली की १०० पूर्ण येतात. लॅपटॉप सात वर्षं जुना म्हणून क्लाउड गेमिंग घेतलं, म्हणजे गेम लांबच्या सर्व्हरवर चालतो आणि घरी फक्त त्याचं चित्र येतं. दिवसा पिंग (डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ३८ येतो आणि बरं चालतं, रात्री नऊनंतर ९० ते १२०, बटण दाबल्यावर गाडी उशिरा वळते, चित्राचे चौकोन पडतात. कोणीतरी सांगितलंय की एज कंप्युटिंग, म्हणजे सर्व्हर गावाजवळ आणून ठेवणं, आलं की हे सगळं सुटेल. तर आपल्या बाजूला असं काही उभं करता येईल का, की सरळ नवा लॅपटॉप घ्यावा?

लॅपटॉप घेऊ नकोस मित्रा, निदान हे पूर्ण वाचेपर्यंत तरी. मी पंधरा-सोळा वर्षं सिंधुदुर्गात केबल आणि मग फायबरच्या लाइनवर काम करतोय, आता एका लहान नेटवर्कचं रूटिंग बघतो, आणि गेली दोन वर्षं कुडाळच्या आमच्या हेडएंडमधे (जिथून सगळ्या घरांच्या लाइनी निघतात ती खोली) ग्राफिक्स कार्डवाला एक पीसी ठेवून तू म्हणतोस तोच प्रयोग चाललाय. एजवर माझा विश्वास आहे, कोकणात तो यावा असं मनापासून वाटतं. पण तुझाच आकडा परत वाच. दिवसा ३८, रात्री १२०. देवगड ते मुंबई अंतर रात्रीचं वाढत नाही. एज काय करतो तर अंतर कापतो, आणि तुझे रात्री जे ८० मिलिसेकंद वर चढतात ते कुठेतरी रांगेत उभं राहिल्याचे आहेत. ती रांग कुठे लागतेय ते आधी शोधायचं, मग एजचं बघू.

अंतराचा हिशोब सोपा आहे. फायबरमधे उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन धरलं तर दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. देवगड ते मुंबई फायबर वळसे घेत जाते म्हणून ६०० किलोमीटर धर, झाले ६ मिलिसेकंद. मग ३८ मधले बाकीचे ३२ गेले कुठे? थोडे वायफायमधे, थोडे ओएनटी-ओएलटीमधे (तुझ्या घरातली फायबरची पेटी आणि प्रोव्हायडरकडची मोठी पेटी), आणि बरेचसे वाटेत. आमच्याकडून निघालेला डेटा कधी घाट चढून कोल्हापूर, तिथून पुणे, मग मुंबई असा जातो, कधी गोव्याकडून फिरतो, हायवेच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की तिसऱ्याच वाटेने जातो. प्रोव्हायडरने मोठी बँडविड्थ जिथून घेतलीय तिथपर्यंत तो जाणारच, मग सर्व्हर मुंबईत असला तरी मी चेन्नईला जाऊन परत मुंबईत आलेला ट्रॅफिक बघितलाय. नकाशावर जवळ असणं आणि नेटवर्कमधे जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढं जरी डोक्यात बसलं तरी अर्धं काम झालं.

आता बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत काय होतं बघ. कंट्रोलर ब्लूटूथवर असेल तर थोडा वेळ तिथेच जातो, मग ते बटण एका छोट्या यूडीपी पॅकेटात (डेटाचा तुकडा, हरवला तर आपोआप परत पाठवला जात नाही) बसून सर्व्हरपर्यंत जातं, तिथे गेम पुढची फ्रेम काढतो, ६० फ्रेमवर चालत असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ती ग्राफिक्स कार्डातला एन्कोडर दाबून लहान करतो, परत नेटवर्क, मग तुझ्या लॅपटॉपचा डिकोडर ती उघडतो आणि स्क्रीन पुढच्या रिफ्रेशची वाट बघून दाखवते. चांगल्या सेटअपवर हे सगळं ६०-७० मिलिसेकंदांत बसतं आणि बहुतेकांच्या हाताला खटकत नाही. शंभरच्या पुढे गेलं की गाडी वळवताना कळायला लागतं. एनव्हिडिया स्वतः जीफोर्स नाऊ या आपल्या क्लाउड गेमिंग सेवेसाठी सांगते की डेटा सेंटरपर्यंत ८० मिलिसेकंदांच्या आत पाहिजे, ४० च्या आत असेल तर उत्तम, आणि १०८० पी ६० फ्रेमला २५ एमबीपीएस लागतात. तुझ्याकडे त्याच्या चौपट आहेत. म्हणजे पाणी भरपूर आहे, नळाला मधेमधे हवा येतेय.

ही हवा काय प्रकरण आहे ते आकड्यात सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. २५ एमबीपीएस भागिले ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण ५२ केबीची. एका पॅकेटात १३०० बाइट धरले तर एका फ्रेमची ४० पॅकेटं झाली. आता लाइनवर फक्त १ टक्का पॅकेटं गळतात असं समज. प्रोव्हायडरला फोन केलास तर तो म्हणेल १ टक्का म्हणजे काहीच नाही, आणि वेबसाइट उघडायला खरंच काही फरक पडत नाही. पण चाळीसमधलं एक तरी पॅकेट हरवायची शक्यता ३३ टक्के होते. तीनातली एक फ्रेम अपुरी पोचते, सेकंदाला वीस. ०.१ टक्का गळती असली तरी सेकंदाला दोन-तीन फ्रेम जातात. यावर उपाय म्हणून सर्व्हर थोडी जादा पॅकेटं पाठवतो, त्यांच्यावरून हरवलेलं परत बांधता येतं, पीसीवरचा गेम लांब पाठवणाऱ्या सनशाइन नावाच्या सॉफ्टवेअरमधे हे प्रमाण मुळातच २० टक्के ठेवलेलं असतं. सुटं एखादं पॅकेट गेलं तर ते निभावून नेतं. पण वायफाय अडखळलं किंवा रांग भरून वाहिली की पॅकेटं सुटी जात नाहीत, लागोपाठ पंधरा-वीस जातात, तेव्हा ते भरून निघत नाही आणि तुला दिसतात ते चौकोन पडतात. परत मागवायला वेळ नसतो, येईपर्यंत ती फ्रेम शिळी झालेली असते. सिनेमा बघताना प्लेयर पुढचं भरून ठेवतो म्हणून लाइन अडखळलेली कळत नाही, गेममधे पुढचं भरून ठेवणार कसं, तू पुढे काय दाबणार आहेस ते अजून तुलाच माहीत नाही.

आता एजबद्दल. सिनेमाच्या बाबतीत एज आपल्याकडे कधीच पोचलाय. नेटफ्लिक्स, गूगल यांच्या कॅशच्या पेट्या बऱ्याच प्रोव्हायडरांच्या नेटवर्कमधे बसलेल्या असतात, एकच सिनेमा हजार जणांना तिथूनच जातो. तुझी स्पीडटेस्टसुद्धा बहुतेक वेळा प्रोव्हायडरच्याच सर्व्हरवर लागते, म्हणून १०० पूर्ण दिसतात आणि पुढच्या वाटेबद्दल काहीच कळत नाही. गेमचं तसं होत नाही, तुझी प्रत्येक फ्रेम फक्त तुझ्यासाठी काढलेली असते, ती साठवून दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे जवळ आणायची वस्तू साधी हार्ड डिस्क नाही, चालतं ग्राफिक्स कार्ड आणायचं, त्याला वीज द्यायची, त्याला थंड ठेवायचं. कल्पना जुनीच आहे, ऑनलाइव्ह ही क्लाउड गेमिंगची सेवा २०१० मधे सुरू झाली होती, मोबाइल नेटवर्कच्या कडेला सर्व्हर कसे ठेवायचे याचे नियम बनवायला युरोपातली ईटीएसआय ही संस्था २०१४ मधे बसली, गूगलचं स्टेडिया नोव्हेंबर २०१९ ला आलं आणि १८ जानेवारी २०२३ ला बंदही झालं. भारतात ते कधी आलंच नाही. बरीच वर्षं आपल्याकडची पोरं बाहेरदेशीच्या सर्व्हरवर खेळत होती, मुंबईहून सिंगापूरला जाऊन यायलाच पन्नास-साठ मिलिसेकंद लागतात, त्यात आपला कोकणातला वळसा. त्यामुळे सर्व्हर देशात असणं हीच पहिली मोठी एज म्हणायची, आणि तिने जेवढा फरक पडतो तेवढा पुढच्या कुठल्याच पायरीने पडत नाही.

आमच्या कुडाळच्या पीसीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. आमचा हेडएंड म्हणजे बाजाराच्या मागे वरच्या मजल्यावरची १० बाय १२ ची खोली, त्यात ओएलटी, दोन राउटर, बॅटऱ्या, एक एसी. तिथे आरटीएक्स ३०६० कार्डाचा पीसी ठेवला, त्यावर सनशाइन आणि खेळणाऱ्याकडे ते चित्र दाखवणारं मूनलाइट, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. पहिली चाचणी भाच्याच्या घरी नेरूरला केली, हेडएंडपासून फायबरने आठेक किलोमीटर. मूनलाइटमधे कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-एस दाबलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे येतात, ते लावून ठेवले. लॅपटॉपला लॅनची वायर लावलेली. नेटवर्क ३ मिलिसेकंद, पीसीवरची प्रक्रिया ६, डिकोड ४. भाच्याने गाडीचा गेम लावला, दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "मामा, पीसी हयच खंय तरी ठेवलंस मा?" त्याला वाटलं मी आतल्या खोलीत लपवून ठेवलाय. मग वायर काढून तोच लॅपटॉप वायफायवर घेतला, राउटर ओटीवर, आम्ही माजघरात, मधे चिऱ्याच्या दोन भिंती. त्याच ३ चे कधी ९, कधी ४०, दर दहा-बारा सेकंदांनी चित्र अडकायला लागलं. आठ किलोमीटर फायबरने काही बिघडवलं नव्हतं, दोन भिंतींनी सगळं बिघडवलं.

दुसरी चाचणी कुडाळातच, हेडएंडपासून तीनशे मीटरवर एका ओळखीच्यांकडे. पण त्यांच्याकडे लाइन दुसऱ्या प्रोव्हायडरची. पिंग ४४! ट्रेसराउट (डेटा कुठल्या वाटेने जातो ते दाखवणारी कमांड) लावला तर डेटा कुडाळातून निघून घाट चढला, मुंबईला गेला, तिथे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात शिरला आणि तसाच परत खाली कुडाळात आला. खिडकीतून आमचा हेडएंड दिसत होता आणि डेटा हजार-बाराशे किलोमीटर फिरून येत होता. या पद्धतीने तालुक्याला कितीही सर्व्हर ठेवलेस तरी काही उपयोग नाही, कारण दोन नेटवर्कं एकमेकांना मुंबईतच भेटतात. शेवटी त्या नेटवर्कच्या तांत्रिक माणसाशी जाऊन बसलो, त्यालाही पटलं, दोन्ही बाजूंना एकेक एसएफपी मॉड्यूल (राउटरला फायबर जोडायचा छोटा भाग), मधे तीनशे मीटर फायबर, आणि बीजीपीने (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) आपापल्या ग्राहकांचे पत्ते एकमेकांना सांगितले. संध्याकाळी ४४ चे ४ झाले. खर्च काही हजारांचा. त्या दिवसानंतर माझं मत पक्कं झालं की कोकणात एजसाठी पहिलं काम ग्राफिक्स कार्ड घेणं नाही, प्रत्येक तालुक्याच्या गावात तिथल्या प्रोव्हायडरांनी एकमेकांना तिथल्या तिथे जोडून घेणं हे आहे. त्याचा फायदा गेमिंगला होईलच, पण ग्रामपंचायतीच्या सीसीटीव्हीला, शाळेच्या ऑनलाइन वर्गाला, सगळ्यालाच होईल. मी भेटेन त्या प्रत्येक केबलवाल्याला हे सांगत असतो.

पावसाळ्याचं पण सांगतो, कारण हे कुठल्या पुस्तकात नसतं. पहिल्या जुलैत लाईट गेली, एसी बंद, पीसी पण बंद करून ठेवला, दोन दिवसांनी चालूच होईना. उघडला तर रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर आणि पॉवर सप्लायमधे पाल मरून पडलेली. रॅम खोडरबराने घासून साफ केली, पॉवर सप्लाय नवा घातला. तेव्हापासून पीसी बंद ठेवत नाही, काम नसलं तरी चालूच ठेवतो, गरम मशीनवर दमट हवेचं पाणी धरत नाही, आणि एसी २६ च्या खाली आणत नाही. पीसीच्या मागच्या मोकळ्या जागांना बारीक जाळी मारली. मालवण-देवगडसारख्या ठिकाणी समुद्र जवळ, खारी हवा, तिथे हे अजून कडक पाळावं लागेल. विजेचं वेगळंच. एकट्या ३०६० कार्डाची क्षमता १७० वॅटची, पूर्ण पीसी गेम चालू असताना तीनशेच्या आसपास खातो, तेवढ्यात आमची बाकीची खोली चालते. म्हणून नियम केलाय की लाईट गेली की पाच मिनिटांत गेम सेव्ह करून पीसी बॅटरीवरून उतरवायचा. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या दोन वादळांत लोकांनी घरच्यांना फोन लागावा म्हणून कसे दिवस काढले ते मी बघितलंय, बॅटरी त्यासाठी आहे.

मग प्रत्येक तालुक्याला असा सर्व्हर ठेवावा का? माझं उत्तर सध्या नाही असं आहे. सगळ्यांना खेळायचं असतं रात्री आठ ते अकरा, एका कार्डावर नीट एकच जण खेळतो, म्हणजे वीस पोरांसाठी वीस कार्डं आणि ती दिवसभर रिकामी. आम्ही दिवसा तो पीसी दोन इंजिनिअरिंगच्या मुलांना थ्रीडी रेंडरिंगला देतो म्हणून तरी बरं. रत्नागिरी, कोल्हापूर, पणजी अशा ठिकाणी एकेक मोठा साठा आणि तिथपर्यंत सरळ वाट हे जास्त शहाणपणाचं. हिशोब बघ ना, वाट नीट असेल तर मुंबईचा सर्व्हर आपल्याला १२-१५ मिलिसेकंदांवर पडायला पाहिजे, कोल्हापूरचा ५-६ वर, तालुक्याचा ३ वर. मुंबईहून तालुक्याला आणून वाचले १०-१२, एक फ्रेमसुद्धा नाही. व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा, हेडसेट घातलास तर तिथे मान वळवल्यापासून चित्र हलेपर्यंत २० मिलिसेकंद हा मापदंड धरतात, तिथे हे १० सोन्यासारखे. फायटिंग गेम मनापासून खेळणाऱ्यालाही कळतील. गाडीच्या गेमला कळणार नाहीत.

आणखी एक. ऑनलाइन मॅचचा गेम असेल तर तुझा एज तालुक्यात असला तरी मॅचचा सर्व्हर मुंबईत किंवा सिंगापूरलाच असतो, एजवरच्या पीसीला तिथपर्यंत जावंच लागतं. तुझी मान, तुझा कॅमेरा चटकन वळेल, पण समोरच्याला गोळी लागली की नाही ते तेवढ्याच वेळाने कळणार. एकट्याने खेळायच्या गेमला एजचा फायदा पूर्ण मिळतो.

आणि मित्रांबरोबर असा पीसी ठेवून तासावर भाडं घ्यायचं मनात असेल तर थांब. स्वतःच्या मशीनवर स्वतःच्या अकाउंटचा गेम लांबून खेळणं वेगळं, दुसऱ्याला विकणं वेगळं, त्याला गेम कंपनीची परवानगी लागते. २०२० मधे ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड आणि बेथेस्डा यांनी जीफोर्स नाऊवरून आपले गेम काढून घेतले होते, एवढ्या मोठ्या सेवेचं असं होतं.

आता तू काय करायचंस. आज रात्री साडेनऊला, जेव्हा जास्तीत जास्त त्रास असतो तेव्हा, लॅपटॉप लॅनच्या वायरने राउटरला लाव आणि तीन खिडक्यांत तीन पिंग एकदम चालू ठेव. पहिला राउटरला, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. दुसरा प्रोव्हायडरच्या पहिल्या टप्प्याला, ट्रेसर्ट (विंडोजमधला ट्रेसराउट) मारलास की राउटरच्या नंतरचा पहिला पत्ता येतो तो. तिसरा मुंबईतल्या एखाद्या सर्व्हरला. दहा मिनिटं चालू दे. मग वायर काढून वायफायवर परत दहा मिनिटं. सरासरी बघू नकोस, सगळ्यात मोठा आकडा आणि हरवलेली पॅकेटं बघ.

राउटरचाच पिंग वायफायवर उड्या मारत असेल तर दोष घरात आहे. चिऱ्याची भिंत वायफायला खूप जड जाते, पावसात ती पाणी पिऊन बसली की अजून जड. बूस्टर लावायच्या फंदात पडू नकोस, तो तीच अडखळलेली लहर पुढे ढकलतो. माळ्यावरून कॅट सिक्सची वायर टाक, तीस मीटर वायर आणि दोन टोकं, याच्याइतका स्वस्त इलाज नाही. वायर जमतच नसेल तर निदान राउटर खेळायच्या खोलीत आण आणि ५ गिगाहर्ट्झवर जा, २.४ वर ब्लूटूथचा कंट्रोलर आणि शेजारच्यांचं वायफाय सगळे त्याच गर्दीत असतात.

वायरवर राउटर १ मिलिसेकंद, पण दुसरा आणि तिसरा पिंग दोन्ही वर जातायत आणि ते नेमके घरात कोणी फोनवरून फोटो-व्हिडिओ अपलोड करत असताना, तर तुझ्याच लाइनमधे रांग लागतेय. राउटर हुशारी म्हणून पॅकेटं टाकून न देता साठवत बसतो, आणि तुझं बटणाचं एवढंसं पॅकेट आईच्या फोनच्या हजार पॅकेटांच्या मागे उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. यावर खरा उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मधे कोडेल नावाने दिला, त्याचीच पुढची रूपं एफक्यू-कोडेल आणि केक ओपनडब्ल्यूआरटी या फुकट सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या राउटरवर मिळतात. त्यात एसक्यूएम नावाची रांग आवरायची सोय चालू करायची आणि डाउनलोड-अपलोड दोन्हीची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के ठेवायची. तुझे १०० चे ९० होतील, पण रांग तुझ्या ताब्यात येईल. मी हे ज्या ज्या घरी लावलंय तिथे भरल्या लाइनवरचा पिंग शंभरवरून विसाच्या आत आलाय. तुझ्या राउटरवर हे चालत नसेल तर तात्पुरतं सगळ्यांच्या फोनचं फोटो बॅकअप रात्री बारानंतर लाव.

घरात सगळं बंद असूनही दुसरा पिंगच वर जात असेल तर दोष तुझ्या वाडीच्या लाइनमधे. जीपॉनवर (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) एका पोर्टला २.४८८ जीबीपीएस खाली आणि १.२४४ वर, ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले, ६४ असतील आणि सगळे एकदम बसले तर वाट्याला ३९ एमबीपीएस. एरवी चालतं. पण मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की ज्या घरात दोन फोन होते तिथे बारा होतात आणि तो पोर्ट गुदमरतो. एकदा ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (घरापर्यंत उजेड किती जोराने पोचतो ते) पण बघून घे, उणे १५ ते उणे २५ डीबीएममधे असेल तर ठीक, उणे २७ च्या आसपास असेल तर कुठेतरी फायबर दुमडलीय किंवा जोडात पाणी शिरलंय. आमच्याकडे निम्म्या वेळा माडाची झावळी पडून फायबर ताणलेली निघते.

दुसरा बरा आणि फक्त तिसरा रात्री वर जातोय, तर प्रोव्हायडरची तालुक्याबाहेरची वाट भरलीय. मला तुझ्या आकड्यांवरून हाच संशय जास्त आहे. इथे तुझ्या घरात काहीही केलंस तरी फरक पडणार नाही. एमटीआर नावाचं साधन (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला सतत पिंग करतं) पंधरा मिनिटं चालव, दिवसाचं एक आणि रात्रीचं एक असे दोन निकाल काढून त्यांच्या तांत्रिक माणसाला दे. मधल्याच एखाद्या टप्प्यावर गळती दिसली आणि पुढे दिसली नाही तर तो मुद्दा धरू नकोस, काही राउटर पिंगला मुद्दाम उशिरा उत्तर देतात किंवा देतच नाहीत. ज्या टप्प्यापासून शेवटपर्यंत आकडा चढलेलाच राहतो तोच दाखव. "नेट स्लो आहे" म्हणून आलेल्या तक्रारीवर आम्ही राउटर बंद-चालू करायला सांगतो, पण असे दोन कागद समोर ठेवले की अपस्ट्रीमवाल्याशी, म्हणजे आम्हाला बँडविड्थ देणाऱ्याशी, भांडायला आम्हालाही आधार मिळतो. ठेवणारे फार कमी.

लॅपटॉपचं राहिलं. सात वर्षांपूर्वीचा म्हणजे त्यात एच.२६४ आणि बहुधा एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती) हार्डवेअरवर उघडायची सोय असेलच, एव्ही१ नसेल, ते इंटेलमधे अकराव्या पिढीपासून आलं. ॲपच्या सेटिंगमधे हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे का बघ, ते बंद असेल तर डिकोडलाच वीस-तीस मिलिसेकंद जातील आणि पंखा ओरडेल. चार्जर लावून खेळ. टीव्हीला जोडत असशील तर टीव्हीचा गेम मोड लाव, तो नसला की टीव्ही चित्र सुंदर करत बसतो आणि तेवढ्यात पूर्ण नेटवर्कपेक्षा जास्त वेळ घालवतो. रात्रीपुरतं १०८० वरून ७२० वर उतर पण फ्रेम ६० च ठेव, ३० वर गेलास की एकेक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची होते.

५जीचं विचारशील म्हणून सांगतो, टॉवर वाडीत आला म्हणजे इंटरनेट वाडीत आलं असं होत नाही. टॉवरवरून डेटा आधी कंपनीच्या गेटवेपर्यंत (इंटरनेटला जोडायचं दार) जातो आणि तिथूनच बाहेर पडतो, तो गेटवे लांब असेल तर जवळच्या सर्व्हरचा उपयोग शून्य. गेटवे जिल्ह्याच्या ठिकाणी उतरवायची सोय ५जीमधे आहे, ते झालं तर माझं मत बदलेन. आणि डेटाचं लक्षात ठेव, २५ एमबीपीएसला तासाला ११ जीबी जातात, दिवसाच्या दीड जीबीचा पॅक आठ मिनिटांत संपेल.

तर आज रात्रीचे तीन पिंगचे आकडे, वायरवरचे आणि वायफायवरचे वेगळे, आणि ओएनटीवरची ऑप्टिकल पॉवर एवढं मला पाठव. तिसराच पिंग चढलेला निघाला तर प्रोव्हायडरला काय लिहायचं ते आपण मिळून लिहू, आणि देवगडच्या बाजारात अजून कोणाकोणाचे हेडएंड आहेत ते पण विचारून ठेव, त्यांना एकमेकांना जोडायला मी एक दिवस काढून येईन.